वाघोटण खाडीत, होडीवरचा एक निवांत दिवस

नाळेवरून (मूळ लेख)

विजयदुर्गचा किल्ला मागे टाकून वाघोटण खाडीत शिरले की सुरुवातीला दोन्ही अंगांना रुंद पाणी आणि कातळच दिसतो. कांदळवनाची खरी दाटी आत गेल्यावर सुरू होते. उत्तरेचा काठ राजापूर तालुक्यातला आणि दक्षिणेचा देवगडातला. मुख्य प्रवाहापासून फुटलेल्या एका अरुंद फाट्यात थंडीच्या दिवसांत मी आणि माझे यजमान आमच्या होडीवर राहतो. पूर्वी मासेमारीला जाणारी ही अठ्ठावीस फुटांची लाकडी होडी असून तिच्यावर आता छप्पर, निजण्यासाठी दोन बाक, एक शेगडी आणि गोड्या पाण्याचे डबे एवढा संसार आहे. तिथे दिवसभर नेमके काय करता, असे अनेकांनी विचारले होते. त्याचे उत्तर देण्यासाठी, ज्यात वेगळे म्हणावे असे काहीच घडले नाही असा एक दिवस मुद्दाम निवडला आहे. तिथी वद्य चतुर्थी, म्हणजे संकष्टी.

तिथी आधी सांगितली, कारण होडीवरच्या दिवसाचे वेळापत्रक तिच्यावरून ठरते. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. पुढची भरती त्यानंतर सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी. समुद्रापासून जितके आत जावे तितके पाणी उशिरा पोहोचते, त्यामुळे आमच्या फाट्यात या वेळेत थोडी भर घालावी लागते. चतुर्थीला पहाटेच भरती होऊन गेलेली असते, उजाडते तेव्हा पाणी ओसरत असते, सकाळी साडेनऊच्या पुढे ते तळाला जाते आणि दुपारी चारच्या आसपास पुन्हा भरते. स्वयंपाक, अंघोळ, भांडी, झोप, सगळे या चौकटीत बसवावे लागते.

उजाडण्यापूर्वी मतलई वारा सुटलेला असतो. डोंगराकडून येणारा हा वारा कोरडा आणि गार असतो, आणि त्या वेळी ओहोटीचे पाणीही त्याच दिशेने समुद्राकडे निघालेले असते. नांगरावरची होडी पाण्याच्या ओढीला तोंड देऊन उभी राहते, म्हणून ओहोटीत आमची नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, पूर्वेला असते आणि सूर्य उगवला की ऊन थेट नाळेवरून आत येते. पहिले काम म्हणजे नांगराचा दोर हाताला कसा लागतो ते पाहणे. दोरावर हात ठेवला की खाली नांगर चिखलात घट्ट आहे की सरकतो आहे हे कळते. सरकत असेल तर दोरातून थरथर हाताला जाणवते. हे पाहिल्यावरच चहा.

आमच्या उजव्या अंगाला एक जुनी पांढरी चिप्पी पाण्यावर ओणवी झालेली आहे. तिची फुले रात्री उमलतात, वटवाघळे आणि मोठे पतंग त्यांवर येतात, आणि सकाळ होईपर्यंत पुंकेसर गळूनही जातात. फुलण्याच्या दिवसांत फळीवर पांढऱ्या, सुतासारख्या केसरांचा थर पडलेला असतो, काही पाण्यावर तरंगत होडीच्या कडेला येऊन चिकटतात. झाडू मारण्याआधी मी ते थोडा वेळ तसेच राहू देते. ही चिप्पी २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाली. तिचे फूल ज्याने पाहिले आहे त्याला या निवडीचे कारण विचारावे लागणार नाही, पण ते पाहायचे तर रात्री झाडाजवळ असावे लागते, आणि किती जणांना ते शक्य होते?

साडेनऊच्या सुमारास चिखल उघडा पडतो आणि फाट्यातला सर्वांत गजबजलेला काळ सुरू होतो. तिवरांची पेन्सिलीएवढी श्वासमुळे चिखलातून सरळ वर आलेली असतात. खालच्या काळ्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून झाडे मुळे वर काढून हवा घेतात. नांगर उचलला की त्याला लागून येणाऱ्या चिखलाला कुजल्या अंड्यांचा जो वास येतो तोही त्याच कारणाने. त्या श्वासमुळांच्या मधून निवट्या चालतात. निवटी हा मासा असूनही पाण्याबाहेर राहतो, पुढच्या परांवर रेटा देत सरकतो, आणि दुसरी निवटी हद्दीत आली की पाठीवरचा पर उभारून तिला तोंड देतो. शेजारी बारके खेकडे, ज्यांच्या नराची एक नांगी उरलेल्या अंगापेक्षा मोठी दिसते, आपापल्या बिळाच्या तोंडाशी ती नांगी वरखाली करत उभे असतात. मी फळीवर पाय ठेवला की तेवढ्या कंपाने सगळे बिळांत जातात आणि मी हलले नाही तर काही वेळाने एकेक करून बाहेर येतात. या खेकड्यांमुळेच मला स्वस्थ बसायची सवय लागली.

याच वेळी पलीकडच्या वाडीतल्या बायका कालवे काढायला येतात. हातात लहान कोयती, डोक्याला फडके, पाण्यात गुडघाभर उभ्या राहून कातळावरची कालवे फोडून आतला मगज डब्यात टाकणे हे त्यांचे काम पाणी फिरेपर्यंत चालते. त्यांतल्या एक वयस्कर आजी मला दर चतुर्थीला न चुकता विचारतात, "आज उपास मा गो तुझो?" मी हो म्हटले की, "मग तुका कालवा नको," असे म्हणून पुढे जातात, आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने वाटीभर आणून देतात. त्या बायकांच्या दिवसाला मी निवांत म्हणणार नाही.

पाणी भरू लागले की होडी फिरते. आधी नांगराचा दोर सैल पडतो, मग होडी काही वेळ कुठल्याच बाजूला नीट उभी राहत नाही, आणि शेवटी हळूहळू वळून नाळ पश्चिमेला करते. सकाळी ज्या बाजूला सावली होती तिथे आता ऊन असते. वाळत घातलेले कपडे, पाण्याचा डबा, वाचनाची जागा, सगळे हलवायचे. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुरू होतो आणि तोही पाण्याबरोबर पश्चिमेकडूनच येतो, त्यामुळे भरतीचे हे तीन-चार तास होडी अगदी स्थिर असते. शिवणकाम, वाचन, पत्रे लिहिणे ही कामे मी याच वेळात करते. यजमान फळ्यांच्या सांध्यांतून झिरपून तळाला जमलेले पाणी उपसतात आणि इंजिनाची पाहणी करतात. उपासाच्या दिवशी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी एवढाच स्वयंपाक असतो, गोडे पाणी मोजून वापरायचे असल्याने भांडी खाडीच्या पाण्यात घासून शेवटी तांब्याभर गोड्या पाण्याने खळबळून घ्यायची.

पूर्ण भरतीला फाटा ओळखू येत नाही. श्वासमुळे, चिखल, बिळे सगळे पाण्याखाली गेलेले असते आणि तिवराच्या फांद्या होडीच्या कठड्याला टेकतात. पान हाताशी येते तेव्हा ते उलटून पाहावे. तिवर मुळांवाटे आत आलेले मीठ पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकते. दुपारच्या उन्हात त्याचे बारीक कण पानावर चमकताना दिसतात आणि जिभेला लावले तर खारट लागतात. शेजारचा कांदळ असे काही करत नाही, तो बहुतेक मीठ मुळांशीच अडवतो. एकाच पाण्यात, हाताच्या अंतरावर उभी असलेली ही दोन झाडे एकाच अडचणीतून दोन वेगळ्या वाटा काढतात, हे पाहताना मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटते.

चारनंतरचा तास तेवढा अस्वस्थ असतो. पाणी ओहोटीला लागून होडीला पूर्वेकडे तोंड करायला लावते, वारा मात्र अजून पश्चिमेचा असतो, आणि या दोघांच्या ओढाताणीत होडी आडवी उभी राहून डुलत राहते. त्या तासात शेगडी पेटवायची नाही, हा आमच्या होडीवरचा नियम आहे.

अंधार पडला की कोल्हे ओरडतात, आधी राजापूरच्या काठावर आणि मग आमच्या. पाणी उतरत असते. छपराखाली आडवे होऊन कान फळीला लावला तर तापल्या तव्यावर मीठ टाकावे तशी तडतड सतत ऐकू येते. बोटाएवढ्या कोळंब्या आपली एक मोठी नांगी झटक्याने मिटतात, त्यातून पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि हा आवाज होतो. फाट्यात अशा असंख्य कोळंब्या आहेत, त्यामुळे पाण्यावर सगळे निःशब्द असतानाही पाण्याखाली शांतता अशी नसतेच. नऊच्या सुमारास कांदळांच्या मागून चंद्र वर आला, त्याला अर्घ्य देऊन आम्ही जेवलो, यजमानांनी नांगराच्या दोरावर हात ठेवून पाहिला आणि दिवस संपला.

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देताना मला सांगायचे आहे ते इतकेच की या दिवसात रिकामा वेळ फारसा नसतो. ज्याला आपण निवांतपणा म्हणतो तो इथे पाण्याकडे सतत लक्ष देण्यातून येतो. लक्ष सुटले की तो राहत नाही.

---

खारेपाटणचा रहिवासी

ताई, लेख वाचून मन भरून आले. माझे घर याच नदीच्या वरच्या अंगाला. खारेपाटण आज महामार्गावरचे गाव म्हणून लोकांना ठाऊक आहे, पण ते मुळात बंदर होते. शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३० चा, म्हणजे इ. स. १००८ चा ताम्रपट खारेपाटणला सापडला, आणि त्या काळापासून कित्येक शतके येथपर्यंत गलबते येत होती. माझ्या लहानपणी कौले आणि मीठ घेऊन येणारे मचवे मी पाहिलेले आहेत. भरती लागली की ते विजयदुर्गहून निघत आणि भरतीच्याच बळावर वर येत. पाणी फिरले की जिथे असतील तिथे नांगर टाकून पुढच्या भरतीची वाट पाहत. खलाशी मचव्यावरच रांधत आणि निजत. त्यांच्या दृष्टीने ही वाट पाहण्याची वेळ म्हणजेच विश्रांती होती. गाळ भरत गेला, रस्ते झाले आणि हे सर्व थांबले.

पाऊणपटीच्या हिशेबात एक भर घालतो. भरतीची वेळ तिथीवरून मिळते, पण तिची उंची ऋतूवरही अवलंबून असते. आमच्याकडे थंडीत रात्रीचे उधाण मोठे आणि पावसाळ्यात दिवसाचे मोठे. दिवसा पाहिलेल्या पाण्यावरून थंडीतल्या रात्रीसाठी दोर सोडला तर तो अपुरा पडण्याची शक्यता असते. आपण दोर किती सोडता, हे कृपया लिहावे.

---

ऐरोलीची खिडकी

माझ्या खिडकीतून ठाणे खाडीचे कांदळवन दिसते आणि पुलावरची वाहतूक चोवीस तास ऐकू येते, त्यामुळे कोळंब्यांच्या आवाजाबद्दल वाचून फार हेवा वाटला. काही व्यावहारिक प्रश्न आहेत. डास आणि घुंगुरट्यांचे काय करता? पिण्याचे पाणी किती लागते? शौचाची सोय कशी आहे? आणि कांदळवनात असे राहणे कायद्याने चालते का? मुंबई उच्च न्यायालयाच्या ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशामुळे कांदळवनाची तोड आणि त्यापासून पन्नास मीटरच्या आतले बांधकाम बंद झाले, १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ते संरक्षण कायम झाले, एवढे मला माहीत आहे. आमच्या भागात आज जे हिरवे उरले आहे ते या आदेशांमुळे आणि २०१२ साली स्थापन झालेल्या कांदळवन कक्षाच्या कामामुळे उरले आहे असे माझे स्पष्ट मत आहे, म्हणून हा प्रश्न संशयाने नव्हे, आस्थेने विचारत आहे.

---

नाळेवरून

काका, ताम्रपटाचा उल्लेख केलात याचा फार आनंद झाला. दोराचा हिशेब असा: ओहोटीच्या तळाला आमच्या जागी सुमारे दोन मीटर पाणी असते, उधाणाला त्यात आणखी दोन मीटरच्या आसपास भर पडते, आणि नाळ पाण्यापासून एक मीटर उंच आहे. हे पाच मीटर झाले. त्याच्या निदान पाचपट, म्हणजे पंचवीस मीटर दोर सोडायचा, आणि नांगराजवळचा भाग साखळीचा ठेवायचा म्हणजे ओढ चिखलावर आडवी पडते. आपण म्हणता त्याप्रमाणे हा हिशेब रात्रीच्या उधाणावर करायचा. परंतु पंचवीस मीटर दोरावर होडी अरुंद फाट्यात फिरली तर झाडांत शिरेल. म्हणून आम्ही नाळेवरूनच दोन नांगर टाकतो, एक फाट्याच्या वरच्या अंगाला आणि दुसरा खालच्या अंगाला. ओहोटीत एकावर ओढ येते, भरतीत दुसऱ्यावर, आणि होडी जवळपास जागच्या जागी वळते.

ऐरोलीकरांसाठी: झाडाला दोर आम्ही कधीही बांधत नाही, आणि वाळलेली फांदीसुद्धा सरपणाला घेत नाही. कायद्याचा भाग आहेच, पण दोराने साल घासून निघालेले कांदळ मी पाहिले आहेत आणि त्या जागी कीड शिरते. होडीची नोंदणी केलेली आहे, आम्ही किनाऱ्यावर काही बांधत नाही आणि तिथे उतरलो तर गावच्या धक्क्यावरच उतरतो.

डास मुख्य प्रवाहाच्या जवळ, वारा लागतो तिथे, कमी असतात. जागा निवडताना सावलीपेक्षा वारा पाहावा. संध्याकाळचा तासभर मच्छरदाणीत बसावे लागते, त्याला पर्याय नाही. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी वाडीतल्या विहिरीवरून भरून आणतो. अंघोळ खाडीच्या पाण्याने आणि शेवटचे दोन तांबे गोडे. साध्या साबणाला खाऱ्या पाण्यात फेस येत नाही, त्यामुळे डाळीचे पीठ बरे पडते. शौचासाठी घट्ट झाकणाचे पिंप आणि लाकडाचा भुसा आहे. ते किनाऱ्यावर नेऊन आमच्या घराच्या खड्ड्यात रिकामे होते. खाडीत काहीही जात नाही. कालवे पाणी गाळून अन्न मिळवतात, म्हणजे आपण पाण्यात जे सोडू ते त्या आजींच्या डब्यात जाईल. हा नियम मोडणाऱ्याने होडीवर राहू नये, असे मी आग्रहाने म्हणेन.

---

रायबंदरची फेरी

गोव्यातून लिहीत आहे. रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण बेटाच्या टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. क्षेत्रफळ जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, पण जवळजवळ सगळे कांदळवनच. माझ्या मामांची होडी कुंभारजुवे कालव्यात असे. हा कालवा मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडतो आणि भरतीचे पाणी त्यात दोन्ही तोंडांनी शिरते, त्यामुळे होडी कुठल्या बाजूला वळेल याचा अंदाज बांधण्यासाठी बरीच वर्षे तिथे काढावी लागतात.

मला आपल्या लेखात एक गोष्ट राहून गेली असे वाटते, ती म्हणजे लाट. खनिज वाहून नेणारे बार्ज आमच्या पाण्यातून दिवसरात्र जात तेव्हा त्यांच्या लाटांनी काठ कापले जात, मुळे उघडी पडत आणि तिवरे आडवी होत. २०१२ साली खाणकाम थांबले आणि बार्ज दिसेनासे झाले तेव्हा कालवा किती शांत असू शकतो हे आमच्या पिढीला प्रथमच कळले. अर्थात त्या बार्जवर पोट असलेली घरेही आमच्याच गावात होती, हे लिहिल्याशिवाय मी पुढे जाऊ शकत नाही. पण काठाच्या चिखलाला मोठ्या इंजिनाची लाट सोसत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. आपल्या फाट्यात इंजिनाच्या होड्या किती येतात?

आणखी एक. आमच्या कालव्यात मगरी आहेत, आणि ओहोटीला त्या चिखलावर उन्हात पडून असतात. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्याची मगर कशी, असे पाहुणे विचारतात, पण ती तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यामुळे कठड्यावरून पाय सोडून बसण्याचे सुख आम्हांला नाही.

---

मुक्काम कोलकाता

नोकरीनिमित्त बरीच वर्षे बंगालमध्ये आहे आणि सुंदरबनात अनेकदा राहणे झाले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तिथले सर्व परिमाण वेगळे. भारत आणि बांगलादेश मिळून सुमारे दहा हजार चौरस किलोमीटरचा हा प्रदेश, आणि उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरपर्यंत जातो. सकाळी ज्या काठाची पाने हाताला लागत होती तो काठ ओहोटीला डोक्याच्या वर, चिखलाची भिंत होऊन उभा राहतो. पर्यटकांच्या नौकांना वनखात्याचा परवाना आणि सोबत वाटाड्या लागतो, ठरलेल्या ठाण्यांखेरीज कुठेही उतरता येत नाही, आणि सूर्यास्तानंतर जंगलातल्या खाड्यांतून नौका चालवता येत नाही. रात्री गावाच्या समोर नांगर टाकून राहायचे. समोर दिवे असतात, कुणाच्या घरातले बोलणे पाण्यावरून ऐकू येते, आणि पाठीमागे काळोखात जंगल असते.

परंतु मला लिहायचे आहे ते मच्छीमारांविषयी आणि खेकडे पकडणाऱ्यांविषयी. ही माणसे लहान नौकांवर दिवसेंदिवस खाड्यांमध्ये राहतात. तांदूळ, गोडे पाणी, बर्फ आणि मातीची चूल एवढे सामान. निघण्यापूर्वी जंगलाची राखणदार देवी बोनबीबी हिची पूजा होते, हिंदू आणि मुसलमान दोघेही करतात. नांगर टाकताना काठापासून किती दूर राहायचे याचा विचार वाघ मनात धरून केलेला असतो, कारण सुंदरबनातला वाघ पोहून नौकेपर्यंत येऊ शकतो. त्यांच्या होडीवर संध्याकाळनंतर जी शांतता असते ती कान टवकारून पाळलेली असते. खोकलासुद्धा दाबून ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. ताई, निवांतपणा लक्ष देण्यातून येतो असे आपण लिहिलेत. ते वाचून मी थांबलो, कारण ही माणसे आपल्यापेक्षा कितीतरी अधिक लक्ष देतात आणि तरीही त्यांना निवांतपणा मिळत नाही. मिळकत, वाघ, मगर, वादळ, परवाना, कर्ज, सर्व काही त्यांच्या डोक्यावर असते. मे २००९ च्या आयला आणि मे २०२० च्या अंफान या चक्रीवादळांनी तर बांध फोडून शेतात खारे पाणी आणले, आणि शेती गेल्यामुळे अधिक माणसे या खाड्यांत उतरली. आपले वर्णन मला मनापासून आवडले, म्हणूनच हे लिहावेसे वाटले.

---

तिवराखाली

चिप्पीच्या केसरांविषयीचा परिच्छेद दोनदा वाचला. गेवा या कांदळवनातल्या झाडाविषयी एक सूचना मात्र लेखात हवी होती असे वाटते. फांद्या कठड्याला टेकतात अशा ठिकाणी गेवा असेल तर त्याचा पांढरा चीक डोळ्यांत जाणार नाही याची फार काळजी घ्यावी. त्याने डोळ्यांना गंभीर इजा होते. तिवराचे पान उलटून चाखायला सांगताना नवख्या माणसाला झाड ओळखता आले पाहिजे, हेही सांगणे आवश्यक आहे.

---

नाळेवरून

तिवराखाली, सूचना अगदी योग्य आहे. तिवराच्या पानाची खालची बाजू फिकट, राखाडी-पांढरट असते आणि झाडाभोवती पेन्सिलीसारखी श्वासमुळे असतात. पान तोडल्यावर देठातून पांढरा चीक आला तर ते झाड सोडून द्यावे आणि हात धुवावेत. खात्री नसेल तर कोणतेच पान तोंडाला लावू नये.

रायबंदरकर, आमच्या फाट्यात इंजिनाच्या होड्या फार थोड्या येतात, कारण ओहोटीला तिथे वळायला जागा नसते. मुख्य प्रवाहातून मोठी होडी वेगाने गेली की काही क्षणांनी तिची लाट आत येते, श्वासमुळांवरून चिखल धुतला जातो आणि पाणी गढूळ होते, हे मीही पाहते. आम्ही स्वतः फाट्यात शिरताना आणि निघताना इंजिन बंद ठेवून वल्ह्यांवर आणि पाण्याच्या ओढीवर जातो. यासाठी भरतीची वाट पाहावी लागते, पण खारेपाटणच्या काकांनी लिहिलेले मचवे तेच करत होते.

कोलकात्याहून आलेल्या प्रतिसादावर मी दोन दिवस विचार केला. आपले म्हणणे खरे आहे आणि ते मान्य करून मला माझे विधान नीट मांडायचे आहे. लक्ष देणे आमच्या दिवसाला पुरते, कारण आमच्या जेवणाची सोय खाडीवर अवलंबून नाही. पलीकडच्या काठावर आमचे घर आहे, यजमानांचे निवृत्तिवेतन आहे. वाईट हवा आली तर आम्ही निघून जाऊ शकतो. कालवे काढणाऱ्या बायका पाण्याकडे माझ्यापेक्षा बारकाईने पाहतात. पाणी कधी फिरेल हे त्या पायाला लागणाऱ्या ओढीवरून सांगतात. पण त्यांची ओहोटी कामात जाते आणि भरतीला घरची कामे वाट पाहत असतात. त्यामुळे असे म्हणायला हवे की निवांतपणाला लक्ष लागते आणि पोटाची निश्चिंतीही लागते. पहिली गोष्ट मी शिकले, दुसरी मला आयती मिळालेली आहे.

यातूनच एक गोष्ट मला पटते. कांदळवन राखायचे असेल तर त्या आजींच्या घरातले उत्पन्न त्याच्याशी जोडलेले राहिले पाहिजे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गट वल्ह्यांच्या होड्यांतून कांदळवनाची सफर घडवतो, झाडांची आणि पक्ष्यांची माहिती त्या बायका स्वतः देतात. अशा गोष्टी प्रत्येक खाडीत व्हाव्यात अशी माझी मनापासून इच्छा आहे.

---

ऐरोलीची खिडकी

उत्तरांबद्दल आभार. आईवडिलांना घेऊन यायचे मनात आहे, दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना होडीवर रात्र काढणे जमेल का?

---

नाळेवरून

रात्र काढण्याचा आग्रह मी धरणार नाही. अंधारात ओल्या फळीवरून चालावे लागते आणि ओहोटीला धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. त्यांना वेंगुर्ल्याच्या सफरीला आणावे, आणि तिथी पाहून यावे. सप्तमी ते नवमीच्या दरम्यान, भांगाच्या दिवसांत, पाण्याची चढउतार कमी असते आणि होडीत चढणे-उतरणे सोपे जाते. पक्षी आणि खेकडे पाहायचे असतील तर मात्र उधाणाच्या जवळच्या दिवसांची ओहोटी बरी, कारण तेव्हा चिखल दूरवर उघडा पडतो. वयस्कर माणसे बरोबर असताना मी भांग निवडेन.

---

खारेपाटणचा रहिवासी

ताई, शेवटचा एक प्रश्न. होडी बाहेर कधी काढता, आणि पावसाळ्यात तिची व्यवस्था काय? लाकडी होडी पावसात उघडी राहिली तर तिचे आयुष्य संपते, आणि हल्ली शाकारणी करणारी माणसे आमच्याकडे मिळत नाहीत.

---

नाळेवरून

काका, मे महिन्याच्या मध्यावर उधाणाची भरती पाहून होडी वर घेतो. त्या भरतीला पाणी धक्क्याच्या वरच्या अंगापर्यंत येते, त्यामुळे ओढायचे अंतर कमी होते. तरीही वाडीतली पंधरा-वीस माणसे लागतात. मासेमारीची बंदी १ जूनपासून सुरू होत असल्याने त्या सुमारास सगळ्यांच्याच होड्या वर येतात आणि माणसे एकमेकांच्या होडीला हात लावतात. तौक्ते वादळ मे २०२१ च्या मध्यावर या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हापासून आमच्याकडे कुणी महिनाअखेरीपर्यंत थांबत नाही. वर घेतल्यावर तळाला चिकटलेली कालवे आणि शिंपले खरवडायचे, गोड्या पाण्याने धुवायचे, सांधे तपासायचे आणि मग माडाच्या झापांनी शाकारायचे. प्लास्टिकचा कागद टाकला तर आत वाफ कोंडून लाकूड कुजते, झापांतून हवा खेळती राहते. शाकारणी करणारे एक गृहस्थ आमच्या शेजारच्या वाडीत आहेत, त्यांच्या हाताखाली त्यांची नातही काम शिकते आहे. त्यांना विचारून आपल्याला व्यक्तिगत निरोपातून कळवते.